मोत्याचा घास

मैत्रिणींनो, उरलेलं अन्न टाकायचं आपल्या जिवावर येतं. दारचं कुत्रं असतं, त्याच्यापुढे पातेलं रिकामं केलं की आपल्यालाही बरं वाटतं. मलाही वाटायचं. पण गेल्या चंपाषष्ठीला चांगलीच अद्दल घडली.

आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं!) खंडोबाचं प्रस्थ मोठं. पारनेरकडचं कोरठणचं देवस्थान ठाऊक असेलच. चातुर्मासापासून बंद असलेले कांदा-वांगी चंपाषष्ठीला सुरू होतात. भरीत-रोडग्याचा नैवेद्य, आणि कुत्रं खंडोबाचं म्हणून त्यालाही घास. सासूबाईंनी घासापुरतंच घातलं होतं. मी मात्र पातीचा कांदा आणि लसूण घातलेलं उरलेलं सगळं भरीत दोन दिवस मोत्याला घातलं. त्यानंही चाटूनपुसून खाल्लं.

चौथ्या दिवशी मोत्या उठेना. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी तांबूस. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "काय खायला घातलं?" शाळेत मुलींना आहाराचे धडे देणारी मी, पण उत्तर देताना मान वर होईना.

कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा असो की शिजवलेला, गुण तोच. 10 किलोच्या कुत्र्याला 150 ग्रॅम, म्हणजे दोन मध्यम कांदेसुद्धा बाधू शकतात. आणि रोज थोडं थोडं पोटात गेलं तरी धोका आहेच. त्रास दिसायला काही दिवस जातात, म्हणून आपल्या ध्यानात येत नाही. "इतकी वर्षं घालतोय, काही झालं नाही," असं आपण म्हणतो ते यामुळेच.

आणखी काही जिन्नस लक्षात ठेवा. द्राक्षं आणि बेदाणे यांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. अमुक इतकी चालतील असं प्रमाणच नाही. शिऱ्यातले बेदाणेही त्यातच आले. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर 2021 पासून तज्ज्ञांचा संशय आहे. तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, तेव्हा चिंचेची आमटीही नको. मुलांच्या हातचं चॉकलेट आणि बिनसाखरेचं च्युइंगम कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. त्या च्युइंगममधल्या झायलिटॉलनं रक्तातली साखर झपाट्यानं उतरते. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांच्या अणकुचीदार कपच्या होतात, तर आंब्याची कोय आतड्यात अडकते.

मग घालायचं काय? साधी भाकरी, मोकळा भात, उकडलेलं अंडं, हाडं काढलेलं उकडलेलं मटण. फोडणी, मीठ, मसाला काही नको. त्याचा वाटा फोडणीच्या आधीच बाजूला काढा, म्हणजे वेगळा स्वयंपाक पडत नाही.

आणि चुकून काही खाल्लंच, तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढण्याच्या फंदात पडू नका. मिठानंच जिवाला धोका होतो. लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्या. काय, किती आणि केव्हा खाल्लं ते लाज न बाळगता सांगा.

मोत्या तीन आठवड्यांनी सावरला. आता दारात कोणी आलं की पूर्वीसारखा भुंकतो. येत्या चंपाषष्ठीचं सासूबाईंनी आत्ताच ठरवून टाकलंय: "भरीत देवाला, त्याच्या कुत्र्याला नुसता रोडगा!"