फेणे खरा कोणता?



भातलावणी आटोपली की अलिबाग-मुरुडकडे संध्याकाळी जरा उसंत मिळते. मग गप्पांत एक तक्रार हमखास निघते : पुस्तकातला फास्टर फेणे चित्रपटात सापडलाच नाही!

तक्रार रास्त आहे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे मूळचा फुरसुंगीचा, पुण्यात शिकणारा, सायकलवर भरधाव सुटणारा शाळकरी पोर. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन यांनी तो उभा केला. २०१७च्या चित्रपटातला अमेय वाघ यांचा फेणे मात्र वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसलेला तरुण. लहानपणी ज्यांनी त्याला आपल्या वयाचा सवंगडी मानला, त्यांना चुकल्यासारखे वाटणारच.

हापूसची कोय रुजवली तर झाड आंब्याचेच होते, पण फळ हापूसचेच धरेल याची खात्री नसते. चित्रपट हे असे कोयीचे झाड. फळ चाखावे, गोड लागले तर गोड म्हणावे. पण त्यापायी मूळ कलमाकडे पाठ फिरवू नये.

आपल्याएवढा, गावाकडचा मुलगा चोर पकडू शकतो, ही उमेद पोरांना पुस्तकातूनच मिळेल. तेव्हा वाचनालयातून पुस्तक आणा आणि रोज एक प्रकरण त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. चित्रपट त्यानंतर दाखवा.