प्रमाण कोणाचे धरावे?

वाहन चालविण्याच्या परवान्यावर आणि शाळकरी मुलांच्या ओळखपत्रावर ज्याची नोंद इमानेइतबारे केली जाते, तो रक्तगट एका इसमाचे रक्त दुसऱ्यास चालेल की नाही एवढे ठरविण्यापुरताच कामाचा आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. आणि १९०१ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी हे गट वेगळे केले, तेव्हा त्यांच्यापुढेही एकाचा रक्तद्रव दुसऱ्याच्या पेशींचे पुंजके का करतो, हाच प्रश्न होता. परंतु रक्तगटाचा अंमल तांबड्या पेशींपुरता मर्यादित नाही.

जखमेच्या कडेला बिंबिका ज्याच्या आधाराने चिकटतात ते फोन विलेब्रांड प्रथिन, आणि त्याच्याच आश्रयाने रक्तात टिकून राहणारा आठवा स्कंदन-घटक, या दोहोंचे प्रमाण 'ओ' गटाच्या निरोगी प्रौढांत इतरांहून सुमारे एक चतुर्थांशाने कमी असते. १९८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, अकराशेहून अधिक रक्तदात्यांच्या तपासणीत या प्रथिनाची सरासरी 'ओ' गटात दर डेसिलिटरला ७५ एकके, 'ए'मध्ये १०६, 'बी'मध्ये ११७ आणि 'एबी'मध्ये १२३ भरली. गट ठरविणाऱ्या शर्करा या प्रथिनावरही जडलेल्या असतात, आणि ज्यावर 'ए' किंवा 'बी'ची खूण नाही असे प्रथिन रक्तातून लवकर निकालात निघते. ज्यांच्या ठायी या खुणांची मूळ 'एच' शर्कराच नसते, त्या 'बॉम्बे' गटाच्या माणसांतही (हा गट १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतच उजेडात आणला) हे प्रमाण कमीच आढळते.

आता ज्यांच्यात सरासरीच ७५ आहे, त्यांतील कित्येक धडधाकट माणसे या प्रथिनाच्या तपासणीच्या अहवालावर छापलेल्या एकाच सरसकट मर्यादेच्या खाली जाणार हे उघड असता, त्यांच्या माथी रक्तस्रावी व्याधीचा शिक्का मारणे मला गैर वाटते. प्रत्येक गटास स्वतंत्र मर्यादा द्यावी, असे मात्र मी म्हणणार नाही. कारण प्रमाण फारच घटले तर रक्त वाहावयाचे ते गट विचारून वाहत नाही. अहवालात आकड्याशेजारी गट असावा, आणि दात काढल्यावर रक्त थांबावयास किती वेळ लागला, मासिक स्राव कसा असतो, घराण्यात कोणास असा त्रास आहे काय, याची चौकशी शिक्क्याआधी व्हावी, एवढेच माझे मागणे आहे.

याची दुसरी बाजू अशी की 'ओ'खेरीज इतर गटांत शिरांमध्ये गुठळी होण्याचा संभव सुमारे दुप्पट असतो. पण मुळातच लहान असलेली संख्या दुप्पट झाली तरी लहानच राहते, म्हणून 'बी' गटाच्या गृहस्थाने आजच भयभीत होण्याचे प्रयोजन नाही. दीर्घ शस्त्रक्रियेनंतर अंथरुणास खिळलेल्या रुग्णाबाबत ही माहिती वैद्यास उपयोगी पडेल. रक्तगट पाहून आहार सांगणारे आणि जपानात त्यावरून स्वभाव ओळखणारे यांच्या हाती ती पडली, तर तिची जन्मपत्रिका व्हावयास वेळ लागणार नाही. अहवालाच्या कोपऱ्यात दोन अक्षरे लिहावयास मात्र नवे यंत्र लागत नाही की नवा खर्च, आणि प्रयोगशाळांनी ती येत्या छपाईपासूनच लिहावीत.