पुढचा... पुढचा... पुढचा...

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. गाव म्हणजे तामलवाडी, तुळजापूर तालुका. पुण्यात हे नाव सांगितलं की लोक "म्हणजे कुठं?" असं विचारतात. मग सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचा टोलनाका म्हटलं की "हां हां, तिथं चहाला थांबलो होतो एकदा" म्हणतात. असो. तर पारावर बसलो होतो, तेवढ्यात गल्लीतला एक पोरगा आला. बारावीला असेल. जरा घुटमळला आणि म्हणाला, "दादा, माझा फोटू बघितलास का?"

म्हटलं, "बघितला की."

"मग काय चुकलं त्यात?"

मी काहीतरी बोललो. लाइट कमी होता, फ्रेम जरा वाकडी होती वगैरे. पोरगा मान डोलवून गेला. खरं सांगायचं तर मला तो फोटो आठवतच नव्हता. अंदाजपंचे ठोकून दिलं होतं. कुठल्याही नापास फोटोला चालेल असं उत्तर!

झालं होतं असं. गावातल्या मित्रांनी कोजागरीच्या पायी यात्रेवर हौशी फोटो स्पर्धा ठेवली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की तुळजाभवानी निद्रेला जाते ती अश्विनी पौर्णिमेपर्यंत. त्या पौर्णिमेला सोलापूरकडून आणि पार कर्नाटकातून माणसं चालत तुळजापूरला जातात. रस्ता वाहनांना बंद होतो आणि रात्रभर आमच्या गावावरून नुसती माणसं वाहत असतात. "आई राजा उदो उदो"च्या गजरात झोप लागते आणि त्याच गजरात जाग येते. लहानपणापासून बघत आलोय.

पोस्टरवर बक्षीस होतं पाच हजार. पन्नासएक फोटो येतील असं वाटलं होतं. आले २,१४०. पाठवणारे ३१२ जण, त्यातल्या एका सद्गृहस्थांनी एकट्यानं ९४ पाठवले होते. मंडळी खूश! "दोन हजारांच्या वर प्रवेशिका" असा फ्लेक्स दुसऱ्या दिवशी तयार. परीक्षक तिघं: एक चित्रकलेचे सर, एक लग्नाचे फोटो काढणारे अण्णा आणि मी. पहिली चाळणी मी करायची, कारण "तू कॉम्प्युटरवाला". मीही हौसेनं एक छोटा प्रोग्राम लिहिला. फोटो स्क्रीनवर येणार, उजवा बाण दाबला की ठेवला, डावा बाण दाबला की गेला. रविवारी सकाळी पोहे खाऊन बसलो आणि जेवायच्या आत काम खलास. केवढा अभिमान वाटला होता म्हणून सांगू.

पोराचा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून रात्री लॅपटॉप उघडून लॉग काढला. प्रत्येक क्लिकची वेळ त्यात होतीच. पहिल्या २०० फोटोंना मी सरासरी ११ सेकंद दिले होते. मधल्यांना ४. शेवटच्या ५०० फोटोंना २ सेकंदसुद्धा नाही. पहिल्या २०० मधून ४१ ठेवले, शेवटच्या ५०० मधून १९. म्हणजे आधी पाचात एक, शेवटी पंचविसात एक.

आता कुणी म्हणेल, शेवटचे फोटो वाईट असतील. मलाही आधी तेच वाटलं, कारण ते सोयीचं होतं. पण फोटो आलेल्या क्रमानं लावलेले होते. आधी कुणाचे आले? ज्यांनी नवरात्रातच गाडीनं येऊन, कॅमेरा काढून, तासाभरात शूट करून घरी जाऊन पाठवले त्यांचे. शेवटी कुणाचे? जे पौर्णिमेपर्यंत चालले, दर्शन घेऊन सुजलेल्या पायांनी परत आले आणि मग मोबाइलवरून पाठवू शकले त्यांचे. स्पर्धा पायी यात्रेवरची. आणि जे खरोखर पायी गेले, त्यांच्या वाट्याला माझे सर्वात थकलेले डोळे आले. यात कुणाचं कारस्थान नव्हतं. फक्त फाइलींचा क्रम होता आणि जेवायची वेळ झाली होती.

त्या पोराचा फोटो १,८७३ नंबरचा. मी तो १.३ सेकंद बघितला होता.

या वेळी नीट बघितला. रात्रीचा फोटो, मोबाइलवर काढलेला, थोडा हललेला. आमचा टोलनाका. गाड्या बंद, त्यामुळे लेन रिकाम्या. आणि त्या लेनमध्ये, जिथं एरवी ट्रक धूर सोडत उभे असतात तिथं, माणसं ओळीनं झोपलेली. चपला उशाशी, अंगावर चादरी, वर दिव्यांचा पिवळा उजेड. कडेला एक म्हातारी बसून कुणाच्या तरी पायांवर तांब्यानं पाणी ओततेय. म्हातारीचं तोंड दिसत नाही. पाय कुणाचे तेही दिसत नाही.

मी इतकी वर्षं ही यात्रा बघितली आणि ती या फोटोइतकी खरी मला कुठंच दिसली नाही. आणि मी डावा बाण दाबला होता.

मग ठेवलं काय होतं? सांगतो, लाजच काढायची तर पूर्ण काढू. सुरकुतलेल्या आज्जीचा ब्लॅक अँड व्हाइट क्लोजअप, कपाळावरचं कुंकू तेवढं लाल. पायाचे फोड. ड्रोनमधून गर्दी. जळता पोत आणि मागे धूसर चेहरा. संबळ वाजवणारा, हात हललेले. यातले काही फोटो चांगले होतेच, नाही असं नाही. पण ते सगळे एका सेकंदात "कळणारे" होते. वेग वाढला की डोळा फोटो बघत नाही, ओळखीचा फोटो शोधतो. आधी कुठंतरी बक्षीस मिळालेला फोटो परत दिसला की उजवा बाण. पुढच्या वर्षी लोक बक्षीस मिळालेले फोटो बघून तसेच काढणार, आणि मी ते आणखी पटकन ओळखणार. असं हे चक्र.

हे फक्त आमच्या गावाचं नाही हो. विकी लव्हज मॉन्युमेंट्स ही वारशाच्या वास्तूंची स्पर्धा घ्या. २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली. २०११ मध्ये १,६८,२०८ फोटो आले आणि गिनीज बुकात सर्वात मोठी फोटो स्पर्धा म्हणून नोंद झाली. २०१२ मध्ये साडेतीन लाखांच्या वर गेले. २०१७ मध्ये जगात पहिला आलेला फोटो आपल्या जेजुरीचा होता, खंडोबाचं देऊळ आणि भंडाऱ्यानं पिवळंधमक झालेलं सगळं. फोटो देखणा आहे, वादच नाही. पण त्यानंतर सोमवतीला जेजुरीत जाऊन बघा. भंडारा उधळणाऱ्यांच्या बरोबरीनं कॅमेरेवाले, आणि सगळ्यांना तोच पिवळा हवा.

निदान त्या स्पर्धेनं एक शहाणपण केलंय: काम वाटून घेतलंय. प्रत्येक देशाचे परीक्षक आपापले निवडक फोटो पुढं पाठवतात, मग आंतरराष्ट्रीय परीक्षक ते बघतात. मोंताज नावाच्या त्यांच्या टूलमध्ये आधी हो-नाही, मग तारे, मग क्रम, अशा वेगवेगळ्या फेऱ्या लावता येतात. आमच्याकडं सगळी भिस्त एका माणसावर आणि त्याच्या रविवारच्या पोह्यांवर!

आता जरा आपल्या धंद्यातलं बोलू. तुमच्यापैकी बरेच जण इंजिनिअर आहात. कॅम्पसला कंपन्या यायच्या तेव्हाचा "सिक्स्टी थ्रूआउट" आठवतोय? दहावी, बारावी, डिग्री, सगळीकडं साठ टक्के, नाहीतर बाहेर. ५९ वाला कितीही भारी कोड लिहीत असो, त्याला दारातच नमस्कार. आपण हॉस्टेलवर रात्र रात्र त्या नियमाला शिव्या घातल्यात. "अरे, एकदा बोलून तर बघा आमच्याशी" हेच म्हणत होतो ना? मग मला माऊस मिळाला तेव्हा मी काय केलं? तेच. उलट साठ टक्क्यांचा नियम निदान लिहिलेला तरी होता. माझा नियम कुठं लिहिलेला नव्हता आणि दर तासाला बदलत होता.

टेस्टिंगवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर चुका दोन प्रकारच्या. नको तो आत येतो, ती एक. हवा तो बाहेर राहतो, ती दुसरी. स्पर्धांमध्ये बोंबाबोंब होते ती कायम पहिल्या चुकीची. वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयरचा २००९ चा विजेता घ्या, फाटकावरून उडी मारणारा लांडगा. लांडगा बहुधा माणसाळलेला होता असं निष्पन्न झालं आणि जानेवारी २०१० मध्ये बक्षीस काढून घेतलं. २०१५ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोनं दिलेलं एक बक्षीस परत घेतलं, कारण चित्रमालिका एका गावाची म्हणून दिली होती आणि त्यातला एक फोटो भलत्याच शहरातला निघाला. २०२३ मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये एआयनं बनवलेलं चित्र जिंकलं आणि पाठवणाऱ्यानंच बक्षीस नाकारलं. २०२४ मध्ये उलटं: एआयच्या गटात एकानं खराखुरा फ्लेमिंगो पाठवला आणि बक्षीस मिळवलं! हे सगळं उघडकीला आलं, कारण जिंकलेल्या फोटोकडं हजारो लोक बघतात.

पण बाहेर राहिलेल्याकडं कोण बघतं? कुणीच नाही. १,८७३ नंबरची बातमी कधीच होत नाही. माझी चूक मलासुद्धा कळली नसती, पोरगं पारावर आलं नसतं तर.

मित्रांशी यावर भांडण झालं, त्यांचे मुद्दे सांगतो. पहिला: "हौशी स्पर्धा आहे, लेका, कशाला एवढं मनावर घ्यायलास?" अरे, हौशी आहे म्हणूनच! धंदेवाईक माणूस दुसरीकडं पाठवेल. बारावीच्या पोराचा हा पहिला फोटो असतो आणि आपण त्याला न बघता सांगतो की तुझ्या डोळ्यात दम नाही. दुसरा: "बक्षिसं तीनच. २,१४० मधून तीन चांगले निघाले की नाही?" निघाले. पण मग २,१४० मागवले कशाला? लॉटरी काढायची तर सरळ लॉटरी म्हणा, चिठ्ठ्या टाकू. तिसरा मुद्दा ऑफिसातल्या मित्राचा: "एआयला दे, एका मिनिटात लावून देईल." देईल की. पण फोटोला सौंदर्याचे गुण देणारी ही मॉडेल्स शिकतात ती माणसांनी दिलेल्या गुणांवरूनच. म्हणजे माझीच १.३ सेकंदांची आवड, फक्त न थकता. मी निदान शेवटच्या ५०० ला थकलो होतो, ते पहिल्या फोटोपासूनच आज्जीचा क्लोजअप शोधेल.

दहावी-बारावीच्या बोर्डाला आपण नावं ठेवतो, पण तिथं परीक्षकावर मॉडरेटर असतो. निकालानंतर गुणपडताळणी मागता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, पुनर्मूल्यांकन होतं. लाखो पेपरांचा गाडा ओढणाऱ्यांनी गृहीत धरलंय की तपासणारा चुकणारच. आपल्या स्पर्धांनी मात्र गृहीत धरलंय की परीक्षक देव आहे. पत्रिकेत छापतातच, "परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील." कशाच्या जोरावर?

म्हणून माझं म्हणणं, आणि यात अवघड काही नाही.

एका माणसाचे जास्तीत जास्त तीन फोटो. आमचे ३१२ जण धरले तर फार तर ९३६ होतात. प्रत्येकाला २० सेकंद दिले तरी सव्वापाच तासांत होतात, दोन-तीन बैठकांत आरामात. फ्लेक्सवरचा आकडा लहान होईल, होऊ दे.

प्रत्येक फोटो दोघांनी बघायचा, आणि दोघांना वेगवेगळ्या क्रमानं दाखवायचा. क्रम बदलायला एक ओळ कोड लागतो. मी ती ओळ लिहिली नव्हती, हे माझं पाप.

फोटोबरोबर दोन ओळी मागायच्या: कुठं, कधी, आणि फोटोतल्या माणसाला विचारलं का. आज्जीच्या सुरकुत्यांवर पाच हजार जिंकणाऱ्याला आज्जीचं नाव तरी माहीत असावं.

आणि शेवटचं: निकालाआधी बाद झालेल्यांतले शंभर फोटो कसेही उचलून तिघांनी एकत्र बसून परत बघायचे. त्यात एक जरी चांगला सापडला, तर पहिली चाळणी रद्द आणि परत सुरुवात. एवढं करायची तयारी नसेल तर स्पर्धा घेऊ नका. सरळ प्रदर्शन भरवा, दोरीला चिमटे लावून टांगा सगळे फोटो, लोक बघतील.

पुढच्या कोजागरीला मित्रांनी परत परीक्षक म्हणून बोलावलंय. या अटी कळवल्यात. "बघू" म्हणालेत. मराठीत "बघू"चा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहीतच आहे.

त्या पोराला पारावर दिलेलं उत्तर खोटं होतं. हे लिहिलेलं त्याला पाठवतोय. फोटोत काही चुकलं नव्हतं रे. बघणाराच १.३ सेकंदात पुढं गेला.