दाभोळचा करार आणि हेतूंची पारख

दाभोळच्या धक्क्यावरून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडली की धोपावे लागते आणि गुहागर तालुका सुरू होतो. ज्या वीजप्रकल्पाने दाभोळचे नाव ह्यूस्टनपासून लंडनपर्यंत पोहोचविले तो मुळी दाभोळात नाहीच. तो खाडीच्या दक्षिणेस अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या जमिनीवर उभा आहे. बहामनी काळापासून बंदर म्हणून गाजलेल्या या गावाच्या वाट्याला विसाव्या शतकाच्या अखेरीस आलेली कीर्ती अशी उसनी होती, आणि फारशी स्पृहणीयही नव्हती.

वाटाघाटी चालू असताना राजकारण्याचे तत्त्व कोणते आणि हेतू कोणता हे ओळखावे कसे, हा प्रश्न २०१६ नंतर ब्रिटनच्या मतदारांना चांगलाच छळत राहिला. युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या प्रचाराचे अग्रणी बोरिस जॉन्सन यांनी भूमिका जाहीर करण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे लेख लिहून पाहिले होते. संघात राहण्याच्या पक्षात असलेल्या थेरेसा मे बाहेर पडण्याचा करार घेऊन संसदेपुढे आल्या आणि जानेवारी २०१९ मध्ये तो ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. जॉन्सन यांनी या कराराविरुद्ध दोनदा मत दिले आणि तिसऱ्या खेपेस त्याच्याच बाजूने दिले. महाराष्ट्राला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. असाच एक खेळ येथे दोन दशके आधी होऊन गेला होता.

जून १९९२ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ आणि एन्रॉन यांच्यात सामंजस्य करार झाला. निविदा मागविल्या गेल्या नाहीत. आयात वायूवरील ही वीज महाग पडेल, असे सांगून जागतिक बँकेने १९९३ मध्ये अर्थसाह्य नाकारले. तरीही त्याच वर्षी ८ डिसेंबरला, शरद पवार मुख्यमंत्री असताना, वीजखरेदी करारावर सह्या झाल्या. वीज घेतली वा न घेतली तरी पैसे मोजायचे, दर डॉलरशी बांधलेला, वर राज्याची हमी आणि १९९४ पासून केंद्राची प्रतिहमी, असे त्याचे स्वरूप होते. विजेचा तुटवडा खरा होता आणि १९९१ च्या परकीय चलनसंकटाची आठवण ताजी होती, एवढे श्रेय त्या सरकारला द्यावयास हरकत नाही. पण गरजवंत माणूससुद्धा सावकाराचा कागद सहीपूर्वी चार जणांना दाखवितो.

१९९५ च्या निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडविण्याची भाषा केली आणि ती सत्तेवर आली. गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने करार तपासला. स्पर्धेचा अभाव, गुप्तता, फुगविलेला खर्च यांवर बोट ठेवले. ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी विधिमंडळात करार रद्द झाल्याचे घोषित केले. राज्य शासन तेवढ्यावर थांबले नाही. करार लबाडीने व भ्रष्ट मार्गाने मिळविला गेला, असा आरोप करीत ते मुंबई उच्च न्यायालयात गेले.

नोव्हेंबरच्या आरंभी कंपनीच्या रिबेका मार्क यांची बाळासाहेब ठाकरे यांच्याशी भेट झाली. त्याच महिन्यात फेरवाटाघाटीसाठी समिती बसली आणि जानेवारी १९९६ मध्ये प्रकल्प पुन्हा मान्य झाला. प्रति युनिट दर २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८९ पैशांवर आणल्याचे अभिमानाने सांगण्यात आले. पुढे मे महिन्यात, लोकसभेतील विश्वासदर्शक ठरावाच्या धामधुमीत, केंद्रातील अटलजींच्या तेरा दिवसांच्या सरकारनेही प्रतिहमीला मान्यता दिली.

येथे हेतूंची चर्चा सुरू होते आणि ती सहसा कुजबुजीतच संपते. कोणी कोणाला काय दिले, याच्या कहाण्या त्या काळी गावोगावच्या कट्ट्यांवर रंगल्या. भारतात लोकशिक्षणासाठी व प्रकल्पाच्या तयारीसाठी २ कोटी डॉलर खर्च झाले, असे एन्रॉनच्याच एका अधिकारी महिलेने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे १९९५ मध्ये सांगितले होते. हे शिक्षण कोणी घेतले, हे कळले नाही. पण मनातला हेतू न्यायालयालाही सहजी सापडत नाही, मग कट्ट्यावर तो कोठून सापडणार? पारख करायची ती उक्तीची आणि कागदाची.

कागद काय सांगतो? पहिल्या करारातील दुसरा टप्पा घेण्याचे बंधन मंडळावर नव्हते. फेरकरारात दोन्ही टप्पे पक्के झाले आणि क्षमता २०१५ मेगावॉटवरून २१८४ मेगावॉटवर गेली. घेतली नाही तरी पैसे मोजण्याची अट राहिली, डॉलर राहिला, इंधनाच्या दराचा भार मंडळावरच राहिला. ज्या आक्षेपांसाठी करार मोडला, त्यांतील मुख्य आक्षेप नव्या करारात तसेच बसले होते. न्यायालयातील आरोपांचे काय? शासनाने तो दावा मागे घेतला. आरोप खरे असतील तर त्याच कंपनीशी अधिक मोठा सौदा का केला, आणि खोटे असतील तर शपथेवर ते केले तरी का? या प्रश्नाला बगल देण्यासाठी आजवर पुष्कळ शब्द खर्च झाले, उत्तर मात्र मिळालेले नाही.

युतीच्या बाजूने सांगण्यासारखे काही होते, हे नाकारता येत नाही. कंपनीने लंडनमध्ये लवादाची कारवाई सुरू केली होती, नुकसानभरपाईचा आकडा मोठा होता आणि गुंतवणूकदार बिचकतील ही भीती वास्तव होती. शासन चालविताना प्रचारसभेतील वाक्य गिळावे लागणे, ही नामुष्की असली तरी गुन्हा नव्हे. तसे असेल तर जनतेपुढे येऊन सांगावयास हवे होते : आमचा हिशेब चुकला, कायद्याने हात बांधले आहेत, त्यातल्या त्यात हे पदरात पडले. ते कोणी सांगितले नाही. माघारीलाच विजयाची पताका लावली गेली.

याची झळ सर्वांत आधी आपल्याच माणसांना बसली. स्वदेशीचा आग्रह धरून ज्यांनी एन्रॉनविरुद्ध घरोघर पत्रके वाटली, त्या कार्यकर्त्यांनी दुसऱ्या वर्षी त्याच घरी कोणते तोंड दाखवावे? वेलदूरच्या कोळणींचे दुःख याहून मोठे. जून १९९७ मध्ये पहाटे पोलिसांनी त्यांच्या घरांत शिरून धरपकड केली. ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ च्या अहवालात ती नोंदविली. त्या वेळी गृहखाते ज्यांच्याकडे होते, त्यांच्याच समितीने या प्रकल्पाविरुद्धचे आक्षेप लिहिले होते. हेच काँग्रेसच्या राजवटीत घडले असते तर आपल्या लेखण्या किती तळपल्या असत्या! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय घरात चालतो. राज्यकारभारात त्याची किंमत वीजबिलातून वसूल होते.

ती झालीच. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. नाफ्थाचे भाव आणि डॉलर चढत गेले, त्यात मंडळाने वीज कमी उचलली. त्यामुळे पुढील दोन वर्षांत काही महिन्यांचा दर सात रुपयांच्या पुढे गेला. तोवर राज्यात सत्तापालट झाला होता. ज्यांच्या राजवटीत मूळ करार झाला ते आता युतीच्या फेरकराराला दोष देऊ लागले आणि युती मूळ कराराला. दोघांचेही अर्धे अर्धे खरे होते. माधव गोडबोले समितीने २००१ च्या अहवालात निर्णयप्रक्रियेच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर शासनव्यवस्था अपयशी ठरल्याचे नमूद केले. त्यातून कोणताही पक्ष सुटत नाही. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, डिसेंबरात एन्रॉनचे दिवाळे निघाले. २००५ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील एनटीपीसी व गेल यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापावी लागली. म्हणजे खासगी कंपनीने मांडलेला पसारा आवरण्याचे काम अखेर जनतेच्या पैशाकडेच आले.

न्यायालयीन बाजूही पाहण्यासारखी आहे. फेरकराराविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये केवळ राज्य शासनाच्या वर्तनाचा मुद्दा खुला ठेवला. तो बावीस वर्षे खुलाच राहिला. एप्रिल २०१९ मध्ये, इतका काळ लोटल्यानंतर आता हे प्रकरण पुढे चालविण्यात अर्थ नाही, म्हणून न्यायालयाने ते बंद केले. त्या वेळी राज्यात आणि केंद्रात युतीचेच शासन होते, आणि भूमिका का बदलली याचा खुलासा करण्याची वेळ कोणावरच आली नाही.