ब्रसेल्सचा नियम, मोडनिंबचा भाव

माढा तालुक्यातले मोडनिंब हे सोलापूर-पुणे महामार्गावरचे गाव. बोरांचा हंगाम असो की डाळिंबाचा, येथील बाजारात फळांचे ढीग लागतात, आडत्यांची बोली चालते आणि बोली लावणाऱ्यांत आपले बागवान बंधू असतातच. पिढ्यान्‌पिढ्या फळांच्या धंद्यात असलेल्या या घरांना भाव का चढला आणि का पडला, हे कोणी शिकवावे लागत नाही. आवक वाढली, पाऊस आला, सण जवळ आला, ही कारणे घरातल्या लेकीसुनांनाही ठाऊक असतात. मात्र एक कारण बाजारात कुठेच दिसत नाही. ते सुमारे सात हजार किलोमीटर दूर, ब्रसेल्स शहरात तयार होते.

ब्रसेल्स ही बेल्जियमची राजधानी. युरोपीय संघाचे कामकाजही मुख्यतः तेथूनच चालते. २७ देशांनी मिळून उभारलेले हे सरकारांवरचे सरकार आहे. कायद्याचा मसुदा युरोपीय आयोग मांडतो आणि ७२० सदस्यांची संसद व सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद तो मंजूर किंवा नामंजूर करतात. बाहेरून येणाऱ्या फळावर कोणत्या औषधाचा अंश किती चालेल, हेही तेथेच ठरते.

२०१० चा द्राक्ष हंगाम बागायतदार विसरलेले नाहीत. त्या वर्षी महाराष्ट्रातून गेलेली द्राक्षे युरोपात अडकली. वेलीची फाजील वाढ आवरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वॉट क्लोराइडचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीतल्या ‘सीसीसी’चा, अंश त्यांत सापडला. द्राक्षासाठी तेथील मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. आपल्याकडे निर्यातीपूर्वी ज्या औषधांची तपासणी होत असे, त्या यादीत हे नावच नव्हते. मालाचे नुकसान झाले आणि कर्जाचे हप्ते मात्र ठरल्या तारखेला उभे राहिले.

आता गंमत पाहा. हेच सीसीसी युरोपातले शेतकरी गव्हावर फवारतात आणि गव्हासाठी त्याची मर्यादा द्राक्षाच्या कितीतरी पट जास्त आहे. औषध एक, मग मापे दोन का? लोक लगेच म्हणतील, ‘हा सरळ पक्षपात आहे.’ आम्हांला तसे वाटत नाही. कारण अधिक साधे आणि अधिक बोचरे आहे. गव्हासाठी कोणीतरी मागणी केली होती, द्राक्षासाठी केली नव्हती.

युरोपचा २००५ चा कायदा असा आहे की, ज्या औषधासाठी आणि पिकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, तेथे सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरावे. म्हणजे दहा टन फळांत एक ग्रॅमचा दहावा भाग. वेगळी मर्यादा हवी असेल तर अर्ज करावा लागतो, शेतातल्या चाचण्यांचे आकडे द्यावे लागतात आणि माणसाच्या प्रकृतीला धोका नाही हे दाखवावे लागते. अर्ज कंपनीही करू शकते, उत्पादक आणि आयातदारही करू शकतात. पण चाचण्यांना पैसा लागतो. जेथे औषधाचा खप मोठा, तेथे कंपनी तो घालते. आपल्या डाळिंबासाठी तो कोण घालणार?

बासमतीचेही तेच. भातावरच्या ट्रायसायक्लाझोल या बुरशीनाशकाची युरोपातली मर्यादा १ मिलिग्रॅम होती. १ जानेवारी २०१८ पासून ती ०.०१ वर आली, म्हणजे एका झटक्यात शंभरावा हिस्सा.

नियम बनण्याआधी बनवणाऱ्याच्या कानी आपले म्हणणे घालणे, याला लॉबिंग म्हणतात. ‘साखर लॉबी’ हा शब्द सोलापूर जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ब्रसेल्समध्ये हे काम उघडपणे, पगारी माणसे ठेवून चालते. २०११ पासून तेथे अशा संस्थांची नोंदवही आहे आणि तीत बारा हजारांहून अधिक नावे आहेत. कंपन्या, व्यापारी संघ, वकिलांच्या पेढ्या, सल्लागार आहेत, तसेच कामगार संघटना आणि पर्यावरणवालेही आहेत. आयोगाचे आयुक्त कोणाला भेटले, हे २०१४ पासून जाहीर करावे लागते.

प्रभाव कसा पडतो, याची दोन उदाहरणे देतो. २०१२ मध्ये लोकांच्या खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा मांडला गेला, तेव्हा संसदेत त्यावर सुमारे चार हजार दुरुस्त्या आल्या. त्यातल्या काही कंपन्यांच्या निवेदनांतून शब्दशः उचललेल्या निघाल्या. २०१६ मध्ये, आयोगाचे दहा वर्षे अध्यक्ष राहिलेले बारोझो हे गोल्डमन सॅक्स या बँकेत मोठ्या पदावर गेले. ज्याला कार्यालयातली प्रत्येक वाट ठाऊक आहे, त्याची किंमत बाजारात मोठी असते.

आपल्या विषयाला लागून असलेले उदाहरण तर अगदी ताजे आहे. जून २०२२ मध्ये आयोगाने प्रस्ताव मांडला की, युरोपात रासायनिक कीडनाशकांचा वापर २०३० पर्यंत निम्म्यावर आणावा. कीडनाशक कंपन्यांची ‘क्रॉपलाइफ युरोप’ आणि मोठ्या शेतकरी संघटनांची ‘कोपा-कोजेका’ या संस्थांनी विरोध केला. उत्पादन घटेल, परिणामांचा आणखी अभ्यास करा, अशी मागणी झाली आणि मंत्र्यांच्या परिषदेनेही जादा अभ्यास मागवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये संसदेने प्रस्ताव फेटाळला. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर ब्रसेल्सच्या रस्त्यांवर असताना आयोगाने तो मागे घेण्याचे जाहीर केले. त्या शेतकऱ्यांच्या अडचणी खोट्या नव्हत्या. पण त्यांचे ट्रॅक्टर ब्रसेल्सला पोहोचू शकतात, आपला टेम्पो पोहोचत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. युरोपात शेतात वापरायला बंदी असलेली काही औषधे तेथील कारखान्यांत बनून परदेशी विकली जातात. हे थांबवू, असे आयोगाने २०२० मध्ये म्हटले होते. २०२३ संपले तरी कायद्याचा प्रस्ताव आला नव्हता. जे औषध त्यांच्या मुलांच्या ताटात नको, ते दुसऱ्यांच्या शेतात चालते, हा न्याय कोणत्याही धर्माच्या माणसाला पटणार नाही.

म्हणून नियम कडक आहेत, एवढ्यावर आमची तक्रार नाही. फळ स्वच्छ असावे, ही मागणी रास्तच आहे. आम्हांला उलट प्रश्न पडतो. परदेशी जाणाऱ्या पेटीची तपासणी होते. आपल्या आठवडी बाजारातून अम्मीच्या पिशवीत येणाऱ्या फळाची किती होते? निर्यातीसाठी एक फवारणी आणि गावासाठी दुसरी, असे होत असेल तर त्यात आपलाही वाटा आहे. हलाल रोजी म्हणजे वजनात खोट नसणे, तसेच मालातही खोट नसणे.

मग करायचे काय? ब्रसेल्समध्ये कार्यालय थाटणे आपल्याला परवडणार नाही. पण काही दारे उघडी आहेत. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांप्रमाणे, अन्नसुरक्षेचा नवा निर्बंध लावणाऱ्या देशाने तो आधी कळवायचा असतो आणि हरकतींसाठी साधारण साठ दिवस द्यायचे असतात. आयोगाच्या अनेक मसुद्यांवर चार आठवडे कोणीही मत नोंदवू शकतो, परदेशी माणूससुद्धा. अडचण एवढीच की, या सूचना वाचणारा आपल्याकडे कोणी नसतो. नियम कळतो तो कंटेनर अडकल्यावर.

हे वाचण्याचे काम आपल्या घरांतली मुले आणि मुली करू शकतात. शेतीची किंवा रसायनशास्त्राची पदवी घेतलेली, इंग्रजी जाणणारी कितीतरी मुले आज नोकरीची वाट पाहत आहेत. शेतकरी उत्पादक कंपनीने, बागायतदारांच्या संघाने किंवा बागवान जमातीने मिळून अशा एखाद्या मुलीला महिना पगार द्यावा. तिने नव्या सूचना वाचाव्यात, मराठीत चार ओळी लिहून बाजारात लावाव्यात, हरकतीची मुदत सांगावी. चाचण्यांचे आकडे लागले तर सोलापूरजवळ केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि पुण्याजवळ मांजरीला द्राक्षाचे आहे. त्यांच्याकडे एकट्याने गेले तर चहा मिळेल. पन्नास जणांच्या सहीचा अर्ज घेऊन गेले तर काम होईल.

मोठ्या कंपन्या हेच करतात, फक्त मोठ्या पैशावर आणि वेळेवर. आपल्याजवळ पैसा कमी आहे, पण वेळेवर जागे होण्याला पैसा लागत नाही. पुढच्या जमातीच्या बैठकीत लग्नाच्या हॉलच्या भाड्याबरोबर हा विषयही निघावा, एवढीच आमची विनंती.