फोटोग्राफी प्रोजेक्टसाठी वस्तू शोधताय? दारामागचा झाडू बघा!

फोटोग्राफी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला हमखास मिळणारा विषय म्हणजे 'घरातली रोजची एक वस्तू'. मी इंजिनिअरिंगला असताना आमच्या कॉलेजच्या फोटोग्राफी क्लबनेही हाच विषय दिला होता. मी कॉफीच्या मगचा फोटो काढला. आमच्या घरी कॉफी कुणी पीत नाही, तो मग शेजारून आणला होता. प्रदर्शनात आणखी सहा मग निघाले!

अमरावती-अकोल्यात सध्या कुणाला हा प्रोजेक्ट मिळाला असेल, तर माझं मत स्पष्ट आहे. झाडू घ्या.

झाडूच का?

एक तर या वस्तूचं फोटोग्राफीशी नातं जुनं आहे. इंग्लंडच्या विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट यांनी १८४४ मध्ये 'द ओपन डोअर' हा फोटो काढला. उघडं दार, दाराशी तिरपा ठेवलेला खराटा, बाजूला लटकणारा कंदील. माणूस कुठेही नाही.

वऱ्हाडात मात्र खराट्यासोबत माणूस आठवतोच. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे संत गाडगेबाबा, १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले. बालपण अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यात, दापुऱ्याला मामांकडे गेलं. गावात पोहोचले की आधी खराटा, रात्री कीर्तन. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांचं निधन झालं. आज अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

दुसरं नाव सुधारक ओलवे. जन्म अकोल्याचा. मुंबईत वृत्तछायाचित्रकार म्हणून काम करताना त्यांनी तिथल्या महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या फोटोंत झाडू, फावडं, घमेलं सगळं दिसतं, पण नजर थांबते ती कचऱ्यात आणि गटारात उभ्या असलेल्या माणसांवर.

याउलट २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं, तेव्हा हातात झाडू घेतलेल्या फोटोंचा पूर आला. त्यातले बरेच झाडू नवेकोरे होते. रोज वापरातला झाडू सरळ राहत नाही, तो एका बाजूने झिजतो. झाडणारा हात उजवा की डावा, हेही त्या झिजेवरून सांगता येतं. माझ्या मते खरा फोटो त्या झिजलेल्या टोकाचा आहे.

फोन पुरेल का?

पुरेल. फक्त पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. फोनचा सेन्सर छोटा असतो, त्यामुळे जवळचं-लांबचं बरंचसं एकदमच स्पष्ट येतं. मागचं धूसर दिसावं म्हणून सॉफ्टवेअर अंतराचा अंदाज घेतं आणि ठरावीक भाग पुसट करतं. झाडूच्या बारीक काड्यांपाशी हा अंदाज हमखास चुकतो. अर्ध्या काड्या पार्श्वभूमीत विरघळतात. त्यापेक्षा खिडकीतून तिरपा येणारा सकाळचा उजेड चांगला, त्यात काडी न्‌ काडी वेगळी दिसते.

आणि मागचं पुसट करण्याची एवढी घाई कशाला? माझ्या त्या मगच्या फोटोत मागे आई अंगण झाडत होती. 'डिस्टर्ब होतंय' म्हणून मीच तिला ब्लर केलं होतं. आता तो फोटो बघवत नाही.

रस्ता झाडणाऱ्या ताईंचा फोटो काढायचा असेल तर आधी विचारा. नको म्हणाल्या तर फोन खिशात. त्या कामावर असतात, आपल्या असाइनमेंटवर नाही. घरात झाडण्याचं काम कुणाकडे आहे, हेही आठवडाभर रोज एक फोटो काढून बघा. आमच्या घरी तरी सातही फोटोंत एकच हात आला असता.

एक बाजू अजून राहते. लक्ष्मीपूजनाला आपण नव्या केरसुणीला हळद-कुंकू वाहतो आणि तिला लक्ष्मी म्हणतो. ती केरसुणी बांधण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने मातंग समाजाने केलं. दिवाळीत पूजेचे ढीगभर फोटो व्हॉट्सॲपवर येतात, त्यात केरसुणी बांधणारे हात मी अजून पाहिलेले नाहीत. यंदा दिवाळीआधी बाजारात केरसुण्या घेऊन बसलेल्यांपासून प्रोजेक्ट सुरू करता येईल. परवानगी घेऊन, आणि घासाघीस न करता एक केरसुणी विकत घेऊन.