मध्यरात्रीची वीज कोणाच्या खात्यावर?

तारापूरच्या केंद्रातून १९६९ साली देशातील पहिली अणुवीज वाहू लागली. पुढे प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. डहाणूचे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र तर मुंबईच्या उपनगरांसाठीच उभे राहिले. पालघरने भार वाहावा आणि महानगराने वीज वापरावी, ही वाटणी जुनी आहे. मोखाड्याच्या पाड्यावर पावसाळ्यात वीज गेली की ती केव्हा येईल हे कोणी सांगत नाही, हेही जुनेच.

आता या वाटणीत नवा भागीदार आला आहे. देशातील डेटा सेंटरांच्या क्षमतेपैकी सुमारे निम्मी मुंबई महानगर प्रदेशात, विशेषतः ऐरोली-महापे भागात, एकवटली आहे. कापडगिरणीची रात्रपाळी बंद ठेवता येत असे. ही यंत्रे क्षणभरही थांबत नाहीत, आणि त्यांना थंड ठेवायलाही वीजच लागते. राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणाने त्यांना वीजशुल्कात माफी दिली. (गिरणीने निदान हजारोंना काम दिले होते.)

यावर स्वच्छ ऊर्जेच्या बंधनाकडे बोट दाखवले जाते. केंद्राच्या २०२३ च्या अधिसूचनेनुसार वितरण कंपन्या आणि थेट वीज घेणारे मोठे ग्राहक यांनी अपारंपरिक ऊर्जेचा वाटा २०२४-२५ मधील २९.९१ टक्क्यांवरून २०२९-३० पर्यंत ४३.३३ टक्क्यांवर न्यायचा आहे. बंधन योग्यच आहे. त्याला विरोध करणे हे आपले काम नव्हे. दोष हिशेबात आहे. हिशेब वर्षाचा होतो, तासाचा होत नाही. दुपारच्या सौरविजेच्या खरेदीने कागद पुरा होतो आणि मध्यरात्री तीच यंत्रे कोळशाची व अणूची वीज ओढतात.

शिवाय २०२२ च्या नियमांनी १०० किलोवॅटच्या ग्राहकालाही हरित वीज थेट घेण्याची मुभा दिली. मोठे ग्राहक असे बाहेर पडले की त्यांच्या चढ्या दरातून शेतकऱ्याला व लहान घराला मिळणारा आधार आटतो. त्यांच्यावरील अधिभार ती तूट पुरती भरून काढत नाही. ज्याला असा करार परवडत नाही तो बोईसरचा छोटा कारखानदारही मागेच उरतो.

आता २०० मेगावॅटच्या छोट्या अणुभट्टीचा पहिला संच तारापूरलाच उभारण्याची केंद्राची योजना आहे. अशा भट्ट्या अधिक वीज लागणाऱ्या उद्योगांच्या स्वतःच्या वापरासाठी आहेत, असे सरकारच सांगते. नवी जमीन लागो वा न लागो, समुद्र इथला आणि जोखीमही इथलीच.

वीज नियामक आयोगाच्या पुढील दरसुनावणीत आपल्या कार्यकर्त्यांनी लेखी हरकत घेतली पाहिजे. शुल्कमाफी घेणाऱ्या प्रत्येक डेटा सेंटरने आपला ताशी वीजवापर जाहीर करावा आणि रात्रीच्या वापरापुरती हरित वीज रात्रीच, साठवणुकीसह, मिळवून दाखवावी; तोवर माफी थांबावी. हरकत मराठीतून देता येते. तिच्यावर मोखाड्याच्या पाड्यांवरच्या सह्या असाव्यात.